बनीनं उचलल्याली ओली वाघर

विट्यापासनं आष्ट्यापर्यंत कुणालाबी इचारा, नानासोचा वाडा कुटं हाय म्हणून. शाळंतलं पोरगं सुदीक बोट करून दावंल. आमी धनगर. दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या, पोरंबाळं घिऊन आमी आटपाडीकडच्या कोरड्या रानातनं नदीकाठच्या काळ्या रानात उतरतो, आन जेठात आभाळ भरून आलं की माघारी वळतो. ह्या चालत्या वस्तीला आमी वाडा म्हणतो. माज्या वाड्यात सात चुली आन चारशेच्या वर मेंढरं. म्होरक्या मी. शाळा सातवीपतोर, पण रस्ता, रान आन माणूस वाचायला मला कुण्या मास्तरची गरज पडली न्हाई.

ही गोष्ट माज्या धाकट्या भैणीची, बनाबाईची. मी तिला बनी म्हणतो. आता ती सासू झाली, आजी झाली, तरीबी बनीच.

बनीला आमच्याच वाड्यातल्या मामाच्या पोराला दिली, तानाजीला. त्यामुळं लगीन हून बी ती माज्याच वाड्यात ऱ्हायली. दाजीची मेंढरं माज्या मेंढरात, दाजीची चूल माज्या चुलीला लागून. लोकांच्या भैणी राखी पुनवंला भेटतात, माजी भैण मला रोज सकाळी भाकरी देताना दिसायची. असं नशीब कुणाचं असतंय?

आमच्यात गडीमाणसं मेंढरं चारत रानातनं जातात. बायका मागं वाडा मोडतात, समदं घोड्यांवर लादतात, अन् रस्त्यानं पुढं जाऊन मुक्काम लावतात. समद्यात पुढं बनी. काय चाल हुती तिची! घोडीला दुडक्या चालीनं तिच्या मागं यावं लागायचं. रान बघून सांगायची, "हितं नगं दादा, हितं पाणी सोडतील." एकदा मी ऐकलं न्हाई. म्हणलं, म्होरक्या मी का तू? पहाटं पाटाचं पाणी थेट माज्या घोंगड्याखाली! मी उठून चिखलात हुबा, अन् ही माज्या तोंडाकडं बघून म्हणती, "म्होरकं, अंघूळ झाली का? साबण देऊ?" समदा वाडा हसला. मीबी हसलो. दुसऱ्या कुणाची टाप न्हवती मला असं बोलायची.

तिला रस्त्याचं येड हुतं. घरी वस्तीवर चार महिनं काढायची, पण जीव लागायचा न्हाई. गणपती उठलं की घोडीच्या पोटाचं पट्टं, म्हंजे तंग, अन् दोऱ्या काढून तपासत बसायची. मी इचारायचो, "अगं, घर सोडून तुला उन्हातानात काय गोड लागतंय?" तर म्हणायची, "घराला उंबरा असतोय, दादा. रस्त्याला कुटं हाय?"

आता ती गोष्ट सांगतो, जी मी एकोणीस वरसं सांगत आलो.

एकोणीस वरसामागं आमचा वाडा आष्ट्याच्या अलीकडं, ऊस तुटल्याल्या रानात हुता. बनीचं तिसरं बाळंतपण तितंच झालं, पालातच, आमच्या म्हाताऱ्या चुलतीच्या हातानं. पोरगी झाली. राणी नाव ठिवलं. पाचव्या दिवशी पाचवी पुजली. सहाव्या दिवशी मला वाडा हलवायचा हुता. पुढच्या गावचं बागायतदार मानसिंगराव, त्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचा मी शब्द दिला हुता. नानासोनं शब्द दिला म्हंजे दिला.

त्या दिवशी पहाटं अवकाळी पाऊस पडून गेल्याला. मेंढरं कोंडायला दोरीची जाळी असती, तिला आमी वाघर म्हणतो. कोरडी वाघर दोन बायका उचलत्यात. भिजली की चौघींचं काम. माजी कारभारीण तवा भावाच्या लग्नाला माहेरी गेल्याली, बाकीच्या बायका पुढं निघाल्या हुत्या. मी मेंढरं दाजीच्या सवादीन करून माघारी आलो, उशीर का झाला बघायला. बघतो तर बनीनं राणीला झोळीत टाकल्यालं, पदर खोचल्याला, अन् ती ओली वाघर एकटीनं उचलून घोडीवर घातली. माज्या डोळ्यांम्होरं.

मी हात लावला न्हाई. घोडीवर ओझं घालणं बायकांचं काम. गड्यानं हात लावला तर वाडा हसतोय. मी कमरंवर हात ठिवून म्हणलो, "शाब्बास! वाघीण हाईस, वाघीण!" ती घोडीच्या पोटाला डोस्कं टेकून जरा हुबी ऱ्हायली. मला वाटलं, दम घेती. मग लगाम धरला अन् चालाय लागली. सहा कोस चालली त्या दिवशी.

ही गोष्ट मी कुटं सांगितली न्हाई? बाजारात सांगितली, सोयरीक जमवताना सांगितली, आष्ट्याच्या डेअरीवर शिकल्याल्या पोरांना सांगितली. "तुमच्या बायका महिनाभर खाटंवर झोपत्यात. माज्या भैणीनं सहाव्या दिवशी ओली वाघर उचलली!" लोकं तोंडात बोट घालायची. माजी छाती अशी फुगायची.

पुढं चार-पाच वरसं बनी चालली. मग एका दिवाळीला म्हणली, "मी यंदा येत न्हाई. घर बांधलंय, राखाय कुणीतरी पायजे." मला वाटलं एक वरीस असंल. दुसऱ्या वरसाला तेच. तिसऱ्याला तेच. पोरांची शाळा, म्हातारीचं दुकणं, म्हशीचं रेडकू, दरसाल नवं कारण. मला लय राग आला. रस्त्यावर बनी न्हाई म्हंजे वाड्याला चवच न्हाई. सकाळी चूल पेटायची, भाकरी मिळायची, पण माज्या तोंडावर मला बोलणारं कुणी न्हवतं. मी पाव्हण्यारावळ्यांत तिला टोमणं मारायचो. "स्लॅबच्या घरात गेली अन् वाघिणीची शेळी झाली." ती खाली बघून चहा गाळायची. तीच बनी, जी मला चिखलात साबण देत हुती. मला तवाच कळाय पायजे हुतं.

अशी चौदा वरसं गेली.

मागच्या चैत्रात आमचा वाडा परत आष्ट्याजवळ हुता. बनीची सून समीक्षा, म्हंजे आमच्या इंद्रजितची बायकू, पैलटकरीण. तिच्या बापाचा वाडा गेल्याला पार कर्नाटकात, मग माहेरपण कुटं करायचं? बाळंतपण आष्ट्याच्या दवाखान्यात झालं, मुलगा झाला. सुनंची अंघूळ-पाणी करायला बनी आटपाडीहून येष्टीनं आली. चौदा वरसांनी माजी भैण वाड्यावर आली! येष्टीतनं उतरली, रानात शिरली, अन् पयल्यांदा मेंढरांत गेली. नातू बघायच्या आधी मेंढरांत. कोकराच्या डोक्यावर हात ठिवून नुसती हुबी. दाजी म्हणला, "आगं, नातू तिकडं हाय." तर म्हणली, "थांबा वो, त्यो काय पळून जातोय?"

पाचवी झाली. दुसऱ्या दिवशी वाडा हलवायचा ठरल्याला. परत मानसिंगरावांचंच रान, परत माजा शब्द. समीक्षा पालात बसल्याली, उठताना जरा वाकडी व्हायची. मी तिला हुशारी यावी म्हणून भाईरनंच म्हणलो, "सुनबाई, घाबरू नगंस. तुजी सासू बघ. ह्याच रानात, सहाव्या दिवशी, ओली वाघर..."

"दादा, ती गोष्ट आता सांगू नगंस."

बनी चुलीपाशी बसल्याली. हातात पिठाचा गोळा. आवाज मोठा न्हवता, पण समद्या चुलींपतोर गेला.

मी हसून म्हणलो, "का गं? खोटं हाय का?"

"खरं हाय. म्हणूनच नगं." मग मान खाली घालून म्हणली, "माजं अंग त्या दिवसापासनं जाग्यावर न्हाई, दादा. उद्या वाडा हलायचा न्हाई. माजी सून कशाला हात लावणार न्हाई."

पदर तोंडावर वढून ती पालात गेली. भाऊ म्हणून ती माज्याशी त्यावर एवढंच बोलली, परत कवा बोलली न्हाई. बाकीचं माज्या कारभारणीनं तिच्याकडनं काढून घेतलं अन् मला सांगितलं. ती वाघर उचलली तवा पोटात काहीतरी तुटल्यागत झालं अन् अंग खाली आलं. बायकांच्यात ह्याला अंग भाईर येणं म्हणत्यात. गर्भपिशवीच खाली सरकती. पयल्यांदा थोडं, मग दरसाली जास्ती. बसली की दुखायचं, चालली की घासायचं, खोकला आला की कापडं खराब. चार-पाच वरसं ती लुगड्याचा काष्टा करकचून आवळून माज्या वाड्यामागं चालली. मग चालणंच झालं न्हाई. आन मी तिला शेळी म्हणत हुतो.

"तू कवा बोलली न्हाईस?" कारभारणीनं तिला इचारलं हुतं. ती म्हणली, "काय बोलू, वैनी? दादा गावभर सांगत हुता, माजी भैण वाघीण हाय म्हणून. त्याचं तोंड कुटं खाली घालू?"

हे ऐकून मी उठलो अन् मेंढरांत जाऊन बसलो. माणसात बसवत न्हवतं.

तिथनंच मानसिंगरावांना फोन लावला. "धा-बारा दिस उशीर हुईल. घरात बाळंतीण हाय."

"आरं नानासो, धनगराची बाई म्हंजे झाडाखाली बाळंत हुती अन् चालाय लागती, असं तूच सांगत हुतास की."

"सांगत हुतो," म्हणलं. "चुकीचं सांगत हुतो."

"मग शब्दाचं काय?"

"शब्द मोडला म्हणा. दुसऱ्याची मेंढरं बसवायची तर बसवा."

उभ्या जन्मात मी दिल्याला शब्द मोडला न्हवता. त्यांनी दुसऱ्याची मेंढरं बसवली न्हाईत, ती गोष्ट येगळी. तेबी माणूस चांगलं.

तिसऱ्या दिवशी मी अन् कारभारीण बनीला घिऊन सांगलीच्या सरकारी दवाखान्यात गेलो. ती येत न्हवती. "आता ह्या वयात कशाला? लोकं काय म्हणतील?" मी म्हणलं, लोकांना काय सांगायचं ते मी बघतो, लोकांना सांगायचा धंदा माजाच हाय.

तपासून झाल्यावर डॉक्टर मॅडमनी मला आत बोलावलं. तरुण बाई, चष्मा. इचारलं, "किती वर्षांपासून त्रास आहे?" बनीच्या आधी मीच म्हणलो, "एकोणीस." मॅडमनी लिवायचं थांबवलं. वराडल्या न्हाईत, तेच लय वाईट वाटलं. म्हणल्या, "सुरुवातीला आला असता तर व्यायामावर भागलं असतं, नाहीतर आत बसवायची रिंग असते. आता ऑपरेशनच करावं लागेल. पण रक्त फार कमी आहे, सातच भरलंय. आधी ते वाढवा."

बनीनं ऑपरेशनचं काय इचारलं न्हाई. दुखंल का, किती दिस लागतील, काय न्हाई. तिनं एकच इचारलं, "मॅडम, मग मला मेंढरांमागं चालता यील का?"

मॅडम हसल्या. "कुठपर्यंत चालता?"

"आटपाडीपासनं हितपतोर."

मॅडम माज्याकडं बघाय लागल्या, खरं का म्हणून. मी मान हलवली. म्हणल्या, "ऑपरेशननंतर सहा महिने थांबा. मग बघू. पण ओझं उचलायचं नाही. कधीच नाही. पाण्याची घागरसुद्धा नाही."

"ओझं न्हाई उचलत," बनी म्हणली. "नुसतं चालंन."

त्या दिवसापासनं तिचं दिवाळीवर ध्यान. येष्टीत बसल्या बसल्या बोटावर महिनं मोजत हुती. जेठात ऑपरेशन झालं तर दिवाळीला पाच महिनं हुतील, एखादा महिना इकडं-तिकडं मॅडम काय म्हणणार न्हाईत, असं तिचं गणित. बारा दिवसांनी वाडा हलला तवा समीक्षा बाळाला घिऊन पिकअपमधनं गेली. आमच्या वाड्यात असं पयल्यांदा झालं. अन् ओझं? घोड्यांवर मी अन् दाजीनं घातलं. तंग ढिला बसला, वाटंतच घागरी गडगडत खाली. बायका हसून हसून लोळल्या. हसू द्या म्हणलं.

वस्तीवर आलो तर आमच्या उपकेंद्राच्या आम्रपाली सिस्टर रोज गोळ्या घेतल्या का बघायला यायच्या. ह्या मेढ्याकडच्या, डोंगरातल्या. बोलायला फटकळ, पण मायाळू. रक्त वाढाय लागलं. आन तेवढ्यात पाऊस लागला. बनी म्हणली, पेरणी हू द्या. पेरणी झाली, म्हणली भांगलून तण निघू द्या. ऑपरेशनची तारीख दोनदा गेली. एक दिवस सिस्टर थेट रानात आल्या, चप्पल हातात, पाय चिखलात.

"बनामावशी, बाजरी मोठी का तुम्ही?"

"आवं सिस्टर, मला बी जायचंच हाय की. पण ह्येंच्या एकट्याच्यानं..."

"तुमचे हे मेले नाहीत अजून. ते भांगलतील." मग माज्याकडं वळल्या. "आणि दादा, तुम्ही गावभर फुशारकी मारता ना? मग हिला दवाखान्यात नेऊन दाखवा, मग मारा."

मला असं बोलायची टाप असणारी ही दुसरी बाई.

ऑपरेशन भाद्रपदात झालं. चांगलं झालं. म्हंजे दिवाळीला दोन महिनं बी पुरं न्हवतं. ही बनीचीच चूक, तिचीच पेरणी, पण तिला ते कबूल हुईना. वाडा निघायच्या दिवशी सकाळी बघतो तर ही नवं लुगडं नेसून, पायात वहाणा घालून घोडीपाशी हुबी.

"मी भिवघाटापतोर येते. तितनं माघारी फिरंन."

"न्हाई."

"नुसती चालते. हातात काठी बी घेत न्हाई."

"बने, न्हाई म्हणलं की न्हाई."

तशी ती भडकली. चौदा वरसांत पयल्यांदा मला जुनी बनी दिसली. "तवा चाल म्हणलास, मी चालले. आता थांब म्हणतोस, मी थांबू. माज्या पायाचं मी कवा ठरवायचं रं, दादा?"

मी म्हणलं, "मॅडम सांगतील तवा तू ठरव. त्यादिवशी मी तोंड उघडणार न्हाई." ती वहाणा काढून वसरीवर बसली. वाडा निघाला. म्होरक्यानं मागं वळून बघू नये म्हणत्यात. मी तीनदा बघितलं. तिसऱ्यांदा ती दिसली न्हाई, नुसतं घर दिसलं.

मग रोज तिन्हीसांजंला तिचा फोन. कसा हाईस, ह्ये नंतर. आधी, "कुटं हाय वाडा?" मी सांगायचो, विट्याच्या पुढं. पलूसजवळ. "कुणाच्या रानात? पाणी कुटनं? त्या वड्याला पाणी हाय का अजून?" मी समदं सांगायचो. घोडीचं पाय, नव्या कोकराचा रंग, उसाच्या पाल्याचा वास. मग मी फोन मेंढरांकडं धरायचो, अन् ती ऐकत बसायची. फोनात नुसत्या मेंढरांच्या घंट्या. दाजी म्हणायचा, "आवं, पैशे जात्यात." मी म्हणायचो, जात न्हाईत, रिचार्ज मारल्याला हाय, तुमी गप बसा.

फाल्गुनात सहा महिनं भरलं. सोमवारी तिची लेक राणी तिला सांगलीला घिऊन गेली. दुपारी फोन आला. मॅडमनी तपासलं. जखम भरली. चाला म्हणल्या. एका दमात तास-दीड तास, मग बसायचं. वाटंत पिकअप संगं ठिवायची. ओझं न्हाई.

"मग कवा येतीस?" मी इचारलं.

"मला इचारतोस व्हय?"

"तुलाच इचारतोय."

"उद्या सकाळच्या गाडीनं," म्हणली, अन् फोन ठिवला.

दुसऱ्या दिवशी मी मेंढरं दाजीवर सोडून आष्ट्याच्या स्टँडावर जाऊन बसलो. नवा फेटा बांधल्याला. पयली गाडी आली, त्यात न्हाई. दुसरी आली. कँटीनवाला म्हणला, "नानासो, आज कुणाची वरात?" म्हणलं, भैण येती माजी. आटपाडीपतोर चालत जाणार हाय आमच्या संगं. त्यो म्हणला, "तीच का वो, वाघर उचलणारी?" मी म्हणलं, "न्हाई. ती गोष्ट मी सोडली. ही ऑपरेशन करून घेणारी. तुज्या घरात कुणाला तसलं दुकणं असंल तर सांग, सांगलीच्या मॅडमना मी वळखतो."

तिसरी गाडी आली. समदी माणसं उतरली, बनी न्हाई. मी गाडीत डोकावून बघाय लागलो. तेवढ्यात कंडक्टर दारात हुबा ऱ्हाऊन वराडला, "फेट्यावालं नानासो कोण?"

"मी."

त्यानं एक बोचकं माज्या अंगावर दिलं. जड हुतं. बाजरीचं पीठ, शेंगदाण्याचा कूट, नातवाची टोपडी. "ह्ये घ्या. बाई मिरजवाडीलाच उतरल्या. मी म्हणलं, मावशी, आष्टा अजून पुढं हाय. तर म्हणल्या, ठावं हाय. ओझं तेवढं भावाकडं द्या, मी चालत येते."

गाडी गेली. मी बोचकं डोक्यावर घेतलं. कँटीनवाला बघत हुता, समदा स्टँड बघत हुता. मी मिरजवाडीच्या रस्त्याला लागलो. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग समोरनं येत हुती, धुरळा असा की पुढचं झाड दिसंना. टाचा उचलून उचलून बघत हुतो. एक तांबडं लुगडं दिसलं, त्या दुसऱ्याच बाई निघाल्या. मी आणखी भराभरा चालाय लागलो.